कॅन्सरच्या ऑपरेशननंतर जे लागतं, त्याचीही सोय करा

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका

सविनय नमस्कार.

मी कळव्याला, खारेगावात राहते. कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढलेला आहे. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. आता फक्त तपासणीला जावं लागतं. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. हे पत्र उपचारानंतर जे लागतं त्यासाठी आहे. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये शरीराचा जो भाग जातो, त्याच्या जागी काही ना काही कृत्रिम लागतं. कोणाला स्तन, कोणाला टाळूची प्लेट, कोणाला आवाजासाठी व्हॉल्व्ह, कोणाला पाय. ते कुठे मिळतं, माप कोण घेतं, पैशाची सोय कशी होते, हे आपल्या दोन्ही शहरांत कोणाला विचारायचं हेच माणसाला कळत नाही. पालिकेच्या रुग्णालयात त्यासाठी एक जागा असावी आणि अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी, एवढी मागणी आहे. ती जाहीरपणे करते आहे, कारण ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आणि कोपरीपासून दिव्यापर्यंत हा प्रश्न कितीतरी घरांत आहे आणि बहुतेक घरांत तो चारचौघांत बोलला जात नाही.

ऑपरेशनच्या खर्चाला आज आधार आहे, हे आधी मान्य करते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली योजना तेव्हा ठरावीक जिल्ह्यांपुरती आणि ठरावीक रेशनकार्डांपुरती होती. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ती हीच. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी, पांढऱ्या कार्डवाल्यांसाठीसुद्धा, खुली करण्याचं ठरलं आणि संरक्षण दीड लाखावरून वर्षाला ५ लाखांवर गेलं. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांचं ऑपरेशन त्यामुळे दागिने न मोडता झालं. त्याबद्दल मनापासून आभार आहेत.

पण या योजनेचं पॅकेज घरी सोडल्यानंतरच्या १० दिवसांच्या औषधांपर्यंत आणि फेरतपासणीपर्यंत चालतं. सिलिकॉनचा स्तन त्या १० दिवसांत बसवताच येत नाही. जखम भरायला, सूज उतरायला सहा ते आठ आठवडे जातात. रेडिएशन असेल तर कातडी शांत व्हायला आणखी वेळ लागतो. तोवर हलकं, सुती, आत कापूस भरलेलं पॅड वापरायचं असतं. म्हणजे खऱ्या वस्तूची गरज लागते तेव्हा ऑपरेशनची फाइल कधीच बंद झालेली असते. मी विचारायला गेले तेव्हा आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयात या योजनेची माहिती देणाऱ्या माणसाने, नीट ऐकून घेतलं, संगणकावर यादी पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, हे पॅकेजमध्ये दिसत नाही. बाहेरून घ्यावं लागेल." त्या मुलाला मी दोष देत नाही. घरी जाताना हातात दिलेल्या डिस्चार्ज कार्डावरही गोळ्यांची नावं होती, पुढची तारीख होती, पण या वस्तूचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता.

बाहेरून म्हणजे कुठून? ठाणे स्टेशनजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानात गेले, तर काउंटरवर पुरुष आणि भोवती वॉकर, नेब्युलायझर घ्यायला आलेली गर्दी. मी हळू आवाजात सांगितलं, त्याने मोठ्याने आतल्या पोऱ्याला सांगितलं. खोके निघाले. खोक्यांवर नंबर होते, पण माप घेणारी बाई नव्हती, आरसा नव्हता, घालून बघायला आडोसा नव्हता. एकदा नेलं की बदलून मिळणार नाही, असं वर बजावलं. काही हजारांची वस्तू अशी अंदाजाने कोण घेईल? शेवटी सगळेच सांगतात तेच त्यानेही सांगितलं: परळला, टाटा रुग्णालयाकडे जा.

परळला जाणं मला जमलं. सगळ्यांना जमत नाही, आणि मग बायका काय करतात ते आपण ऐकावं असं मला वाटतं. आमच्या भागात पोळ्यांची कामं करणारी एक बाई जुन्या सुती साडीच्या तुकड्यात मोहरी भरून पुरचुंडी शिवते. मोहरी अशासाठी, की तिला वजन असतं आणि दाबली की ती आकार घेते. ती पुरचुंडी ब्लाउजला आतून दोन सेफ्टीपिनांनी अडकवायची. पोळ्या लाटताना हात पुढेमागे होतो तशी पुरचुंडी वर सरकते, मग पिठाच्या हातानेच ती खाली ओढायची. पावसाळ्यात घामाने मोहरी दमट होते, वास धरते, मग उसवायची आणि नवी भरायची. एकदा पीन उघडी राहिली आणि रेडिएशन दिलेल्या जागी टोचली. तिथली कातडी नाजूक झालेली असते, ती जखम लवकर भरली नाही. तिने हे मला सांगितलं ते ओट्याकडे तोंड करून, लाटणं न थांबवता. घरात सासू आहे, वयात आलेला मुलगा आहे. त्यांच्यापैकी कोणाला हे माहीत नाही.

ही वस्तू शोभेची आहे असा समज सरकारी टेबलांपासून घरापर्यंत सगळीकडे आहे. स्तनाला वजन असतं. एका बाजूचं वजन गेलं की अंगाचा तोल बदलतो. खांदा एकीकडे उचलला जातो, मान आणि पाठ धरते, ब्लाउज एका बाजूने वर चढतो. नीट मापाचं, उरलेल्या बाजूच्या वजनाचं प्रोस्थेसिस, म्हणजे कृत्रिम स्तन, खिशाच्या ब्रेसियरमध्ये बसलं की हे बरंच सावरतं. आणि समजा, नुसतं दिसण्यासाठीच असतं, तरी काय बिघडलं? बाईला छातीशी पर्स न धरता लोकलमध्ये चढता यावं, लग्नाकार्याला जाता यावं, ही काही फार मोठी हौस नव्हे.

याच बाजूच्या हाताला पुढे सूज येऊ शकते, कारण काखेतल्या गाठी काढलेल्या असतात. त्यासाठी घट्ट बाही घालावी लागते आणि ती सैल पडली की नवी घ्यावी लागते. प्रोस्थेसिसही जन्मभर पुरत नाही, काही वर्षांनी बदलावं लागतं. एकदाच खर्च करून मोकळं होण्यासारखं हे नाही.

आता नवी मुंबईबद्दल. वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलणारे एक माथाडी मामा मला तपासणीच्या रांगेत भेटले. तंबाखूने वरचा जबडा एका बाजूने काढावा लागला होता. टाळूला भोक राहिलं की तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडदा उरत नाही. पाणी प्यावं तर नाकातून येतं आणि शब्द सगळे नाकातच विरतात. "मानसांत च्या पीत न्हाय मी," असं ते म्हणाले. मला ते दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं, आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं याचं त्यांना किती वाईट वाटलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. ऑब्ट्युरेटर नावाची अ‍ॅक्रिलिकची प्लेट असते, उरलेल्या दातांना तारेने धरून बसते आणि ते भोक बंद करते. पुढे त्यांना ती मिळाली. प्लेट बसल्यावर त्यांनी पहिला फोन गावाकडे न लावता मुकादमाला लावला, आणि नाव सांगायच्या आत मुकादमाने त्यांना ओळखलं.

ही प्लेट ऑपरेशननंतर शोधायची वस्तूच नाही. दात आणि टाळू यांचा साचा ऑपरेशनच्या आधी घ्यावा लागतो, म्हणजे पहिली प्लेट ऑपरेशनच्या टेबलावरच बसवता येते आणि माणूस लवकर तोंडाने खाऊ-बोलू लागतो. जखम भरत जाते तशी दुसरी, आणि काही महिन्यांनी आकार पक्का झाला की कायमची. रेडिएशनने तोंड उघडणं कमी होतं. उशीर केला तर साचा घ्यायलाही चमचा आत जात नाही. म्हणून सर्जनइतकाच दंतवैद्य आधीपासून बरोबर लागतो. आपल्याकडे गुटखा, मावा, मिश्री, तंबाखू यांमुळे तोंडाचे कॅन्सर किती होतात हे आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मी सांगायला नको.

आणि इथे नवी मुंबईकडे जे आहे ते फार थोड्या शहरांकडे असेल. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, एवढ्या छोट्या पट्ट्यात दंत महाविद्यालयं आहेत. कृत्रिम दंतशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जबड्याचे आणि चेहऱ्याचे कृत्रिम भाग बनवणं शिकवलंच जातं. विद्यार्थ्यांना रुग्ण हवे असतात, रुग्णांना प्लेट हवी असते. मधला दुवा पालिकेने जोडायचा आहे. वाशीच्या पालिका रुग्णालयाने या महाविद्यालयांशी करार केला, साहित्याचा खर्च पालिकेने उचलला आणि ऑपरेशनची तारीख मिळालेल्या रुग्णाला आधीच चिठ्ठी देऊन तिकडे पाठवलं, तर नवी इमारत न बांधता हे काम उभं राहतं. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, त्यामुळे दूरदूरचे रुग्ण आधीच या शहरात खोल्या घेऊन राहतात. त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

ज्यांचं स्वरयंत्र काढलं आहे त्यांची गोष्ट थोडक्यात सांगते. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये सिलिकॉनचा एक छोटा व्हॉल्व्ह बसवतात, गळ्यावरचं भोक अंगठ्याने बंद केलं की आवाज फुटतो. परदेशी व्हॉल्व्ह हजारोंच्या घरात जातो आणि काही महिन्यांनी गळायला लागला की बदलावा लागतो. बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी सुमारे ५० रुपयांत मिळू शकेल असा व्हॉल्व्ह विकसित केला, म्हणजे इच्छा असली तर किंमत खाली आणता येते. पायाच्या बाबतीत परिस्थिती सगळ्यात बरी आहे. जयपूर फूट मोफत मिळतो, हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, आणि लोकांना ही नावं माहीत आहेत. हाडाच्या कॅन्सरने पाय गेलेल्या मुलाच्या बापाला निदान कुठे जायचं ते कोणीतरी सांगतं. स्तन गेलेल्या बाईला सांगत नाहीत.

पैशाच्या वाटा मी जमेल तेवढ्या धुंडाळल्या. मुख्यमंत्री सहाय्यता निधीची रक्कम रुग्णालयाच्या खात्यावर जमा होते. दुकानाच्या कोटेशनवर तिथे काही होत नाही. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. ही चांगली तरतूद आहे आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे नाव घेऊन मागावी. पण तीही खाटेभोवती फिरते. घरी गेलेल्या बाईकडे खाट नसते. मुंबईत १९५१ ची इंडियन कॅन्सर सोसायटी आहे, १९६९ ची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आहे. अशा संस्थांनी रुग्णांचे हात धरले आहेत. तरी संस्थेच्या दारापर्यंत पोचायला आधी ती आहे हे कळावं लागतं, आणि केमोने थकलेल्या अंगाने दिव्याहून गाडी पकडावी लागते. कॅन्सरच्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांग डब्यात बसता येतं, हेसुद्धा अनेकींना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

दिव्यांग कल्याणाच्या निधीचं काय, असं आपले अधिकारी विचारतील. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. पाय कापलेला माणूस त्यात येतो. स्वरयंत्र काढल्याने गेलेली वाचा तर कायद्यात नावानिशी लिहिलेली आहे, म्हणून त्या रुग्णांना प्रमाणपत्र आणि व्हॉल्व्ह दोन्ही पालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून मिळवून देणं आजच शक्य आहे. नवी मुंबईने वाशीला दिव्यांगांसाठी ईटीसी हे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र चालवून दाखवलं आहे, त्यामुळे तिथे वाचा-उपचार आणि हे काम एकत्र करणं अवघड जाऊ नये. स्तन मात्र त्या २१ मध्ये कुठेच बसत नाही. माझी मागणी अशी, की त्यासाठी महिला व बालकल्याणाचा ५ टक्के निधी वापरावा. त्या निधीतून शिलाई मशीन दिली जातात, प्रशिक्षणं होतात, मेळावे होतात. ते होऊ द्यात. पण स्तन गमावलेल्या बाईला तिच्या शहराने मापाचं प्रोस्थेसिस आणि दोन ब्रेसियर द्यावेत, हे महिला कल्याण नाही तर दुसरं काय आहे? अमेरिकेत १९९८ मध्ये कायदाच झाला: जी विमा कंपनी स्तन काढण्याचा खर्च देते, तिने प्रोस्थेसिसचा आणि हाताच्या सुजेवरच्या उपचारांचाही खर्च द्यायचा. ऑपरेशन आणि त्यानंतरची भरपाई हा एकच उपचार आहे, असं त्यांनी धरलं. आपल्या राज्याच्या योजनेतही तसं व्हावं यासाठी दोन्ही पालिकांनी ठराव करून शासनाकडे पाठवावा.

जागेबद्दल मी थोडं बारकाईने लिहिते, कारण सोयी कागदावर होतात आणि बारकाव्यात अडकतात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि वाशीच्या पालिका रुग्णालयात एकेक खोली हवी. दाराला आतून कडी हवी. उंच आरसा हवा, उजेड चांगला हवा. माप घेणारी बाईच हवी, आणि तिला ते शिकवलेलं हवं. परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट हे शिकू शकते. वेगवेगळ्या आकारांचे नमुने घालून बघायला हवेत, कारण वजन हातात घेऊन कळत नाही, अंगावर घेऊन पाच पावलं चालल्यावर कळतं. आपल्या बायकांच्या वर्णाच्या छटा हव्यात; गोऱ्या रंगाचं एकच खोकं नको. खोलीबाहेर पाटी साधी असावी, म्हणजे आत जाताना कोणी वळून बघणार नाही. आठवड्यातून एक दिवस पुरे, पण तो दिवस ठरलेला असावा.

सुरुवातीच्या आठवड्यांत लागणारं सुती पॅड आणि खिशाचं ब्रेसियर आपले बचत गट शिवू शकतात. क्रोशाने सुती दोऱ्याचं मऊ पॅड विणून मोफत देणाऱ्या बायका मुंबई परिसरात आहेत, त्या शिकवतीलही. ते पॅड डिस्चार्जच्या दिवशीच हातात मिळालं, तर ती बाई घरी जाताना रिक्षात ताठ बसेल. त्याला मोठा निधी लागत नाही.

एक गोष्ट आपल्या समाज विकास विभागाने मनावर घ्यावी. ज्यांच्या घरी पैसे आहेत त्यांच्यातही बाई स्वतःसाठी हे मागत नाही. उपचारांवर एवढा खर्च झाला, आता आणखी कशाला, असं ती स्वतःच म्हणते आणि फी, गॅस, दुकानाचं बिल यांच्या मागे आपलं नाव ढकलत जाते. म्हणून तिला अर्ज करायला लावू नका. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात उभं करू नका. ऑपरेशनचा कागद दाखवला की तिचं काम व्हावं.

पुढच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होण्याआधी दोन्ही पालिकांनी वैद्यकीय आरोग्य अधिकारी, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग विभाग यांची एकत्र बैठक बोलवावी. आम्ही काही जणी यायला तयार आहोत. कुठली वस्तू टिकते, कुठली घामाने खराब होते, ब्रेसियरचा खिसा कुठल्या बाजूने उघडा ठेवायचा, साडीच्या ब्लाउजमध्ये काय नीट बसतं आणि पंजाबी ड्रेसमध्ये काय, हे आम्ही वापरून शिकलो आहोत, ते सगळं सांगू. मोहरीची पुरचुंडीही आणून दाखवू, म्हणजे आज काय वापरलं जातंय ते आपल्याला हातात घेऊन बघता येईल. बैठकीचा दिवस आणि वेळ कळवावी, ही विनंती.

आपली,
खारेगाव, कळवा येथील एक रहिवासी